सगळ्यांचे फोन भावोजींकडे

भावोजींना कारखान्यात खरी मेव्हणी एकच, बायकोची धाकटी बहीण. पण ती पॅकिंगला लागली त्या पहिल्याच दिवशी दारातून ओरडली, “अहो भावोजी, माझ्या मापाची टोपी नाहीये का इथं?” आणि संपलं. चहाच्या सुट्टीपर्यंत सगळं पॅकिंग त्यांना भावोजी म्हणायला लागलं आणि हळूहळू मॅनेजरसाहेबही. एकदा मॅनेजरांचे सासरे कारखाना बघायला आले, तर तेसुद्धा “काय भावोजी, बरंय ना?” म्हणाले. नात्यागोत्याचा असा सगळा चुथडा झाला, पण भावोजींना ते मनातून आवडायचं.

कारखाना होता भाज्या गोठवण्याचा. मटार, मका, गाजराचे तुकडे आत जायचे आणि पिशव्यांत दगडासारखे होऊन बाहेर यायचे. भावोजी पूर्वी पिशव्या चिकटवायच्या मशीनवर होते. मशीन अडलं की वरचे इंजिनियर येण्याआधी लोक त्यांना हाक मारायचे. मग खांदा गेला. उजवा हात खांद्याच्या वर उचलेना. तेव्हा साहेबांनी त्यांना पॅकिंगच्या दारावर बसवलं. आत जाणाऱ्याला टोपी द्यायची, कोट द्यायचा आणि त्याचा फोन काढून घ्यायचा. एवढंच काम. कधीकाळी एका पिशवीत फोनच्या काचेचा तुकडा सापडला होता, तेव्हापासून आत फोन न्यायला बंदी होती. दारापाशी लाकडी खणांचं एक कपाट होतं, त्यात ज्याचा त्याचा फोन. भावोजी ते कपाट सांभाळायचे. घरी बायकोला म्हणायचे, “मशीन चालवणारा माणूस मी, आता चपला सांभाळल्यासारखे फोन सांभाळतोय.” बायको म्हणायची, “बसून पगार मिळतोय, तर खुपतंय होय तुम्हाला?” खुपतच होतं. पण सांगणार कुणाला?

कारखान्याला आधी भोंगा होता. गोठवणाऱ्या यंत्रातला अमोनिया गॅस गळला, आग लागली, की भोंगा. पण आजूबाजूला घरं वाढली, घरांतून तक्रारी वाढल्या, आणि खरं सांगायचं तर मशीनच्या खडखडाटात तो आत ऐकूही यायचा नाही. वरच्या ऑफिसनं भोंगा काढून टाकला आणि फोनवर नोटिफिकेशन आणलं. शिकवायला एक तरुण मॅडम आल्या. म्हणाल्या, “तातडीचा निरोप आला की फोन असा थरथरेल, स्क्रीन लाल होईल. कुलूप उघडायचीही गरज नाही. बाहेर पडायचं आणि हे हिरवं बटण दाबायचं, ‘मी सुखरूप बाहेर आहे’. म्हणजे ज्याचं बटण आलं नाही त्याला शोधायला माणसं आत जातील. फक्त एक करा, फोन कायम जवळ ठेवा.”

मॅडमच्या डोक्यामागे भिंतीवर हातभर पाटी होती: आत फोन नेण्यास सक्त मनाई.

धाकटी कसली गप्प बसतेय! तिनं हात वर केला. “मॅडम, फोन बाहेर आणि आम्ही आत. मग थरथरायचं कुणी?” सगळं पॅकिंग खो खो हसलं. मॅडमही हसल्या. “चांगला प्रश्न आहे, मी वर कळवते,” म्हणाल्या. कळवलंही असेल बिचारीनं. वरून खाली काही आलं नाही.

मग ठरलं ते असं, की फोन थरथरले की भावोजींनी दार उघडून आत हाळी द्यायची. आवाज त्यांचा मुळातच खणखणीत. पहिल्या सरावाला त्यांनी हाळी दिली, बायका-पुरुष बाहेर आले, आणि कपाटापाशी ही झुंबड! कुणाच्या हातात कुणाचा फोन, कुणाच्या हातमोज्यानं बटणच दाबलं जाईना, कुणी चष्मा आत विसरलेलं. जेवणाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर सगळ्या विभागांची नावं लागायची. कटिंगवाले हिरवे झाले, धुलाईवाले हिरवे झाले, पॅकिंग आपलं लाल ते लालच. कटिंगवाल्यांनी आठवडाभर पॅकिंगला ‘लालपरी’ म्हणून चिडवलं.

पॅकिंगच्या सुपरवायझर बाईंना ते फार लागलं. बाई कडक, पण विभागासाठी जीव टाकणाऱ्या. त्याच म्हणाल्या, “भावोजी, फोन तुमच्याकडे, थरथरतात तुमच्यासमोर. तुम्हीच का नाही दाबून टाकत सगळ्यांचे?”

घ्या! कुणाला काही वावगं वाटलं नाही. अहो, सोयच ती. पुढच्या सरावाला भावोजींनी आधी हाळी दिली आणि मग दोन्ही अंगठ्यांनी सटासट बटणं दाबली. माणसं अजून टोप्या सावरत दारातून बाहेर येत होती, तोवर पडद्यावर पॅकिंग हिरवंगार. पहिला नंबर! नंतर तर त्यांनी त्यात कसब आणलं. फोन खणांत उभे न ठेवता स्क्रीन वर करून आडवे ठेवायला लागले. कुणाचा फोन हळू चालतो, कुणाचं बटण जरा जोरात दाबावं लागतं, सगळं त्यांना पाठ. पॅकिंग पहिला नंबर सोडेना. मॅनेजरसाहेबांनी सगळ्यांसमोर भावोजींना भिंतीवरचं घड्याळ बक्षीस दिलं आणि म्हणाले, “तत्परता कशी असावी, ती भावोजींकडून शिका.” टाळ्या पडल्या. सगळ्यात मोठ्यानं धाकटीनं वाजवल्या.

खांदा गेल्यापासून एवढं कौतुक त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. माणूस हुरळणार नाही तर काय? घड्याळ घेऊन घरी आले तेव्हा थोरलीनं, म्हणजे बायकोनं, स्टुलावर चढून ते स्वतः टांगलं. भावोजींचा हात वर जात नव्हता ना. खालून “डावीकडे, जरा डावीकडे” म्हणताना त्यांची छाती अशी फुगली होती की विचारू नका.

आता हिरव्या बटणाचा अर्थ काय होता? माणूस बाहेर आहे. आणि भावोजी ते कधी दाबत होते? माणूस आत असताना. ही साधी गोष्ट कारखान्यात एकाच्याही डोक्यात आली नसेल, असं मला नाही वाटत. आली असेल. पण पहिला नंबर आला की माणसं असल्या गोष्टी बोलत नाहीत.

त्या दिवशी जेवणं होऊन सगळे नुकते आत गेले होते. भावोजी टोप्यांच्या घड्या घालत होते. फोन थरथरले, सगळे एकदम, कपाट गुणगुणायला लागलं. भावोजींना वाटलं, सराव. वाचलं तर लिहिलेलं, अमोनिया गळती, मागची बाजू, ताबडतोब बाहेर पडा. त्यांनी दार उघडून हाळी दिली, “चला, बाहेर या! सगळे बाहेर या!” हाळी देण्यात त्यांनी कसूर केली नाही, हे खरं. माणसं बाहेर यायला लागली. भावोजी कपाटाकडे वळले आणि त्यांचे अंगठे चालू झाले.

धाकटीचा फोन खालच्या खणात होता, कोपरा फुटलेला. तिथं त्यांचा अंगठा थांबला. धाकटी दारातून गेल्याचं त्यांना आठवेना. एरवी ती जाताना एक तरी टोमणा मारून जायची. क्षणभर त्यांनी मान वर केली असती, दाराकडे पाहिलं असतं, तर! पण त्यांच्या स्वतःच्या फोनवर सगळ्या विभागांचे आकडे दिसत होते, तो त्यांनी समोर टेकवून ठेवला होता. कटिंगवाल्यांचे दोन राहिले होते. पॅकिंगचा एक. येईल मागून, जाते कुठं, असं मनाशी म्हणत त्यांनी बटण दाबलं.

पॅकिंग हिरवं झालं. बाहेर मैदानात सुरक्षेचे साहेब हातात टॅब घेऊन उभे होते. भावोजी बाहेर येताच ते ओरडले, “शाब्बास भावोजी!”

तोंडाला मुखवटे लावलेली माणसं आत शिरली ती कटिंगमध्ये. तिथल्या एकाचं बटण आलं नव्हतं. तो बाबा फोन घरी विसरून आला होता आणि मैदानात भिंतीआड सिगारेट ओढत उभा होता. आत त्याला शोधायला माणसं जिवाची पर्वा न करता धावतायत आणि हा इकडे धूर सोडतोय. हसावं की रडावं! आणि जिला खरंच शोधायचं होतं, ती पॅकिंगच्या मागच्या थंड खोलीत खोकी लावत होती. त्या खोलीचं दार वीतभर जाड. भावोजींची हाळी तिथं पोचण्यासारखी नव्हतीच.

सुपरवायझर बाईंना माणसं बोटांनी मोजायची जुनी सवय. त्यांनी मोजली, परत मोजली, आणि त्या धावत भावोजींकडे आल्या. “भावोजी, धाकटी कुठंय?”

भावोजींनी आता कुठं वळून पॅकिंगच्या दाराकडे पाहिलं.

ती जिवंत सापडली, एवढं नशीब. थंड खोलीच्या दारापाशी, दाराच्या आतल्या बाजूला पडलेली. स्ट्रेचरवरून नेताना तिचे डोळे सुजले होते आणि ती हवा गिळायचा प्रयत्न करत होती. भावोजी सोबत धावत होते. तिच्या गळ्यापाशी स्वेटर आवळला होता, तो त्यांनी एका हातानं सैल केला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं सुधारतील, घसा भाजलाय, आवाजाचं आत्ता काही सांगता येणार नाही.

धाकटी एकटीच भाड्याच्या खोलीत राहायची. थोरलीनं तिला दवाखान्यातून थेट घरी आणलं, स्वतःची खाट दिली. आणि तिसऱ्या दिवशी कारखान्यातून निरोप आला, की तिच्या फोनवरून ‘सुखरूप बाहेर आहे’ असं बटण दाबलं गेलंय, म्हणजे ती बाहेर आली होती आणि नियम मोडून परत आत गेली. चौकशी होईल. नोकरी राहील याची खात्री नाही.

थोरली बहिणीवर कावली. “अगं, बाहेर आली होतीस ना? मग परत कशाला कडमडायला गेलीस आत? असं काय सोनं ठेवलं होतंस तिथं?” धाकटीनं डोळे मिटून घेतले. भावोजी कोपऱ्यात वाफाऱ्याचं पाणी तापवत उभे होते. त्यांनी गॅस उगाच लहान-मोठा केला.

पॅकिंगमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. हो, अगदी सगळ्यांना. भावोजींनी कुणाचं बटण दाबलं नव्हतं? पण जो तो मूग गिळून बसला. मी आत असताना माझंही दाबलं गेलं, असं बोलायचं म्हणजे आपलीही नोकरी टांगणीला लावायची. सुपरवायझर बाई भावोजींच्या समोरून मान खाली घालून जायला लागल्या. दारातून आत जाताना कुणी थट्टा करेना. फोन त्यांच्या हातात ठेवायचे आणि निघून जायचे.

एकदा संध्याकाळी थोरली दुकानात गेली होती. भावोजी धाकटीच्या खाटेजवळ औषध घेऊन बसले आणि म्हणाले, “धाकटे, ते बटण…” पुढचं त्यांच्या तोंडून निघेना. धाकटीनं हात वर केला. घशातून नुसती हवा येत होती, तरी तिनं बोलायचा यत्न केला.

“ताईला नको सांगू… सांगू नका.”

“पण तुझी नोकरी…”

“बघू.” मग दम घेऊन, “तुमचं घर मोडेल.”

आणि खरं सांगतो, त्या क्षणी भावोजींना हायसं वाटलं. जीव भांड्यात पडला. पोरगी आपल्यापायी घसा जाळून पडलीय, नोकरी जायची वेळ आलीय, आणि आपल्याला हायसं वाटतंय! हे त्यांचं त्यांनाच कळलं, आणि त्यांना स्वतःची किळस आली. तरी ते गप्प राहिले. थोरली आली, तिनं विचारलं, “घेतलं का औषध?” तर “घेतलं हो” म्हणाले, जणू काही झालंच नाही. पुढचे कितीतरी दिवस असेच. संध्याकाळी येऊन हातपाय धुवायचे, धाकटीला औषध द्यायचं, वाफारा द्यायचा. थोरली शेजारणीला सांगायची, “सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतात हो तिचं.” भावोजींना आतल्या खोलीत ते ऐकू यायचं, आणि कुठं तोंड लपवू असं होऊन जायचं.

चौकशीला धाकटीला एकटीला जाववणार नव्हतं. जिना चढतानाही तिला धाप लागायची. भावोजी तिचा हात धरून तिला वर घेऊन गेले. थोरली खाली बाकावर गरम पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली. वर लांबलचक टेबल, त्या टोकाला बाहेरून आलेले चौकशीचे साहेब, शेजारी मॅनेजर. साहेब सभ्य होते. पण खोलीत थंड हवेचं यंत्र घरघरत होतं आणि धाकटीची कुजबुज टेबलाच्या त्या टोकाला पोचेना.

“तुम्ही यांचे कोण?” साहेबांनी विचारलं.

“बहिणीचे यजमान.”

“मग जवळ बसा आणि त्या काय म्हणतात ते मोठ्यानं सांगा.”

भावोजींनी खुर्ची पुढे ओढली.

“त्या वेळी फोन कुणाकडे होता?”

धाकटी त्यांच्या कानाशी वाकली. “माझ्याकडे.”

“काय म्हणाल्या?”

“तिच्याकडे होता म्हणतेय.”

“बटण त्यांनीच दाबलं?”

धाकटीनं मान हलवली. “हो म्हणतेय,” भावोजी म्हणाले. आवाज कसा स्पष्ट, खणखणीत आला. त्यांना स्वतःचाच राग आला, की मेला हा आवाज आज तरी कापायला हवा होता.

“मग परत आत का गेलात?”

धाकटीनं हे ठरवून ठेवलं नव्हतं. मग हळूच म्हणाली, “स्वेटर राहिला होता.”

“ती म्हणतेय…” भावोजी अडखळले. तो स्वेटर तिच्या अंगावर होता. त्यांच्याच हातानं त्यांनी गळ्यापाशी तो सैल केला होता. थोरलीनं तो तीनदा धुतला तरी त्याचा वास गेला नव्हता. “ती म्हणतेय, स्वेटर आत राहिला होता.”

साहेबांनी मॅनेजरांकडे पाहिलं. मॅनेजरांनी खांदे उडवले. “वाईट वाटतं,” साहेब म्हणाले, “पण एका स्वेटरसाठी तुम्ही स्वतःचा आणि शोधणाऱ्यांचाही जीव धोक्यात घातलात. तुम्हाला कामावर ठेवता येणार नाही. ओळखपत्र इथं ठेवा.”

धाकटी गळ्यातली दोरी काढायला लागली. ती केसांत अडकली. तिनं एका हातानं केस सोडवले, दुसऱ्या हातानं अजून भावोजींचं मनगट धरलं होतं, आधाराला.

“साहेब, थांबा,” भावोजी म्हणाले. “हे सगळं खोटं आहे. फोन माझ्याकडे होता. बटण मी दाबलं.”

“आत्ता तुम्हीच तर सांगितलंत…”

“ती मला वाचवतेय आणि मी तिला वाचवू देत होतो. गेले कित्येक दिवस देतोय. मी सगळ्यांचीच बटणं दाबतो. तिचंही दाबलं. ती बाहेर आलीच नव्हती, परत आत जाणार कुठून?”

मॅनेजर खुर्चीत सरळ झाले. एवढं बोलून भावोजींना वाटलं, संपलं, आता जे व्हायचं ते होऊ दे. पण धाकटीनं त्यांचं मनगट घट्ट दाबलं आणि घाईघाईनं त्यांच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. कित्येक दिवसांत तिच्या चेहऱ्यावर अशी धडपड दिसली नव्हती.

“काय म्हणतायत त्या?” साहेब म्हणाले.

भावोजींनी धाकटीकडे पाहिलं.

“सांगा ना. काय म्हणतायत?”

“ती मला विचारतेय,” भावोजी म्हणाले, “की टोप्या घालून सगळ्याजणी सारख्याच दिसतात, तर तुम्हाला दुसरीच कुणी बाहेर येताना दिसली असेल, मीच वाटले असेन, म्हणून दाबलंत ना?”

धाकटी त्यांच्या तोंडाकडे बघत होती. एवढे दिवस ती याच एका गोष्टीवर टेकून राहिली होती, हे भावोजींना आत्ता कळलं. नुसतं ‘हो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. साहेबांनीही मानलं असतं. चूक झाली, माणसाच्या हातून होते.

“नाही,” भावोजी म्हणाले. “मला कुणीच दिसलं नव्हतं. तू आली नाहीस, हे माझ्या मनात आलं होतं. तरी दाबलं. कटिंगवाल्यांचे दोन राहिले होते आणि आपला एकच. मी दाराकडे बघतच नव्हतो, धाकटे. मी फोनकडे बघत होतो.”

धाकटीनं त्यांच्या मनगटावरचा हात काढून घेतला. साहेबांनी तिचं ओळखपत्र टेबलावरून तिच्याकडे परत सरकवलं आणि भावोजींना म्हणाले, “तुमचं द्या.” भावोजींनी दिलं.

जिना उतरताना त्यांनी सवयीनं हात पुढे केला. धाकटीनं कठडा धरला. एकेक पायरी थांबत, धापा टाकत ती एकटी उतरली आणि भावोजी मागून येत राहिले. खाली थोरली उठून उभी राहिली. दोघांचे चेहरे बघून तिचा आवाज चिरकला. “काय झालं? नोकरी गेली का गं?”

धाकटीनं मान नाही म्हणून हलवली आणि बाकावर बसली. मग भावोजींनी थोरलीला सांगितलं. तिथंच, उभ्या उभ्या. कपाटापासून स्वेटरपर्यंत काही ठेवलं नाही. लोक येत-जात होते. ऐकत असतील तर ऐकोत, असं त्यांना वाटत होतं. थोरली ओरडेल, शिव्या घालेल, याची ते वाट बघत होते. ती ओरडली नाही. बाटलीचं झाकण उघडून तिनं आधी बहिणीला पाणी पाजलं, तिचं तोंड पदरानं पुसलं.

“आणि रोज तिला औषध देत होतात,” मग ती म्हणाली. “मी चार घरी तुमचं कौतुक सांगत होते, ते आतून ऐकत होतात ना तुम्ही?”

“हो,” भावोजी म्हणाले.

थोरलीनं बहिणीला हाताला धरून उठवलं आणि दोघी बसथांब्याकडे चालायला लागल्या. भावोजी चार पावलं मागे राहून चालत होते. बस आली तेव्हा त्या पुढच्या दारानं चढल्या आणि ते मागच्या.